माडबंदरची जिवाणी

५ मे, माडबंदर

पोचलो एकदाचे! आधी खारट वास आला, मग माडांच्या मधून निळी पट्टी दिसली, आणि मागून जिनल अशी किंचाळली की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. वाशीमहून निघालो तेव्हा गाडीच्या टपावर पापड भाजून निघाला असता. इथे वारा आहे आणि तो चक्क गार आहे. मी सुरतेत साड्यांच्या घड्या घातल्या, पुण्यात हॉटेलात भांडी घासली, कर्नाटकात ऊस तोडला, कुठंच टिकलो नाही. समुद्र तेवढा राहून गेला होता.

ही डायरी रुचिकाभाभींनी दिली, दुकानाची, मागच्या सालची. गाडीचे किलोमीटर लिहून ठेव म्हणाल्या. निघताना आकडा पाहायचाच विसरलो, म्हणून आता दुसरंच लिहितो. हरवली तर सापडणाऱ्यासाठी: वीरेंद्र बाबूसिंग, मुक्काम तांडा, इंझोरीजवळ, जिल्हा वाशीम. सध्या जिनदास काकाजींच्या गाडीवर ड्रायव्हर. त्यांचं वाशीमात कापडाचं दुकान आहे. मुलगा संयमभैया लग्नसराई म्हणून गल्ल्यावरच राह्यला. गाडीत काकाजी, त्यांची बायको कंचनबाई म्हणजे आमच्या काकीजी, सून रुचिकाभाभी आणि नात जिनल, दुसरी पास.

बंगला वाळूला लागूनच. मागे पोफळीची बाग, बागेत जुनी विहीर. विहीर पाहून काकीजी खूश. त्या कडक जैन, नळाचं पाणी चालत नाही. विहिरीचंच लागतं, तेही दुहेरी जाड कापडातून गाळून, मग उकळून. गाळलं की कापड उलटं धरायचं आणि गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं. त्या धुवणात जे बारीक जीव येतात ती जिवाणी. ती मोरीत टाकायची नाही. ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत. त्यासाठी वाशीमहून एक छोटी पितळी बादली आणलीय, तिच्या बुडालाही कडी आणि त्या कडीला वेगळी दोरी. बादली खाली सोडायची, पाण्याला टेकली की बुडाची दोरी ओढून अलगद उलटी करायची. वरून फेकली तर जीव आपटून मरतात म्हणे. हे काम सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे.

मला हसू आलं. काकीजी म्हणाल्या, “हासू नको रे. तुले कोणं तांड्यावरून उचललं अन् भलतीकडंच फेकून देल्लं त?” मी म्हटलं, काकीजी, मी तर सोताच जातो. काकाजी खोकला येईपर्यंत हसले.

६ मे

सकाळी सगळे पाण्यावर. काकाजींनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, घोटाभर पाण्यात उभे राह्यले आणि मान हलवून म्हणाले, “आपल्या एकबुर्जी धरणापेक्षा जरासा मोठाच दिसते बावा.” काकीजी कोरड्या वाळूत खुर्ची टाकून बसल्या. ओल्या वाळूत जीव असतात, त्यावर पाय देत नाहीत. कोळ्यांनी जाळं ओढलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. भाभी फोटो काढून थकल्या. जिनलनं आणि मी वाळूची विहीर केली, तिला पोफळीच्या पानाचा रहाट, नाव मी ठेवायचं ठरलं.

तेवढ्यात माझा पाय एका पारदर्शक गोळ्यात गेला. लाटेबरोबर आलेला, मेलेला, पण थरथरत होता. बोटांच्या बेचक्यांतून वर आला. शी! अजून पाय धुतोय.

शेजारच्या वाडीत एक म्हातारी सुकट वाळवत बसते. त्या वासानं डोळ्यात पाणी येतं, पण बाई बोलायला गोड. म्हणाली, ती बाव, म्हणजे बंगल्यामागची विहीर, आम्ही वापरीत नाही, पाणी गुळगुळीत लागतं. काकीजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, गाळून उकळून घेतो ना आपण, मग झालं.

संध्याकाळी कापड उलटं केलं तर त्यावर भेंडीची असते तशी लाळ. आणि लाळेत पांढरे, बारीक दोरे, शेवयांच्या कचऱ्यासारखे. सगळे एका बाजूला तोंड करून. मी कापड फिरवलं. तेही फिरले. पुन्हा विहिरीकडे. जिनलला दाखवलं तर ती त्यांना एकेक नाव द्यायला लागली. मला मात्र जेवताना चपातीचा लुसलुशीतपणासुद्धा सहन होईना.

७ मे

सूर्य बुडायच्या आत यांचं जेवण. कांदा नाही, बटाटा नाही. मला आठ वाजता पुन्हा भूक. वाळूच्या टोकाला एक गाडा लागतो, बांगडा तळून देतो, तो वास कालपासून मला बोलवून राह्यला.

आज संध्याकाळी जिवाणीचं भांडं हातात घेऊन विहिरीकडे निघालो आणि गाड्याचा दिवा लागलेला दिसला. बादली सोडा, टेकवा, उलटी करा, मग दोऱ्या गुंडाळा, तोवर चांगले मासे संपतात. म्हणून जिवाणी माझ्या बाटलीत ओतली. येऊन सोडतो म्हटलं. काय बांगडा होता! आतून रस, वरून कुरकुरीत. मसाला इतका जहाल की कानातून धूर. घटाघट पाणी प्यायलो. तेही बुळबुळीत लागलं, तेलामुळं असेल. मग एका खलाशाशी गप्पा, त्याची होडी पाह्यली, त्याचा भाऊ म्हणे आमच्याकडच्या जऊळका स्टेशनावर उतरून कारंज्याला जाऊन आलाय. जग किती छोटं.

अरे, जिवाणी राह्यलीच. सकाळी सोडतो.

८ मे

बाटली जवळजवळ रिकामी.

उठल्यावर पाह्यलं आणि मग कळलं मी काल काय प्यायलो. पोफळीत जाऊन घशात दोन बोटं घातली. मासा निघाला, मसाला निघाला, शेवटी पिवळं कडू पाणी निघालं. काडीनं सगळं चाळून पाह्यलं. दोरा एकही नाही.

बाटलीच्या तळाशी चमचाभर उरलं होतं. त्यात पाच-सहा. मी बाटली डाव्या हातात धरली की ते उजव्या काचेला, उजव्या हातात धरली की डाव्या. विहीर कोणत्या बाजूला हे मी तपासलं. ते विहिरीकडे वळत नव्हते. माझ्या पोटाकडे वळत होते.

वाळूत ओतून टाकलं. बाटली चांगली होती, धुवून ठेवली.

काकीजींनी विचारलं, सोडली का रे? सोडली म्हटलं. त्यांनी पहिली गरम दशमी माझ्या ताटात वाढली. अर्धी खाऊन उठलो.

९ मे

हिरडीला काहीतरी चिकटलंय वाटलं. आरशात पाह्यलं, दोन दातांच्या मधून एक पांढरं टोक. बांगड्याचा काटा असेल म्हणून नखांत धरून ओढलं. साडीच्या काठाचा दोरा उसवतो तसं येत गेलं, येत गेलं, वीतभर आलं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. मग ते माझ्या नखांतून निसटलं आणि पुन्हा आत गेलं, शेवई ओढून खावी तसं.

बाहेर सगळे नारळपाणी पीत होते. काकाजी म्हणाले, वीरू, ये लेका, फोटोत ये. गेलो. तोंड मिटून हसलो.

११ मे, परतीच्या वाटेवर

घाटात जिनलला तहान लागली. काकीजी आणि भाभी झोपल्या होत्या, गाळलेलं पाणी डिक्कीत. ती म्हणाली, वीरूभाऊ, पाणी दे ना, घसा सुकून राह्यला. मी वळणावर होतो, समोरून ट्रक. हाताला लागली ती बाटली मागे दिली. सकाळपासून मी त्यातूनच पीत होतो.

ती प्यायली. बाटली परत देताना म्हणाली, गोड आहे.

तेव्हा आठवलं, माझ्या तोंडात काय आहे ते.

१३ मे, वाशीम

दुकानाच्या गोदामामागच्या खोलीत आहे. दवाखान्यात गेलो, जंत असतील म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्या घेतल्या आणि काल-आज संडासाच्या खड्ड्यावर बसून काडीनं ढवळत राह्यलो. काय करतोय हे मला माझंच पाहवेना. पण काही पडत नाही. ते खाली जात नाहीत. वर येतात. पाणी दिसलं की वर येतात.

अंगाला त्या कोळ्यांच्या जाळ्यांसारखा वास येतोय. साबण संपला.

१४ मे, तांडा

याडीकडे आलो. याडी म्हणजे माझी आई. तिनं शेवया केल्या होत्या. ताट पाहूनच उठलो. रांजणावर वाकून तांब्या बुडवला, तर नाकातून एक खाली उतरला. लोंबला. पाण्याला टेकायला पाहत होता. मी मागे झालो तेव्हा तुटला नाही, परत आत—

याडीनं पाह्यलं. रांजण उपडा केला तिनं, अख्खा, एवढ्या टंचाईत. पदरानं माझं नाक पुसलं, अन् मग तो पदर कापून चुलीत टाकला.

१५ मे, वाशीम

काकीजींचा फोन. लवकर ये.

जिनल ग्लासात तोंड घालून बसते. पीत नाही. नुसतं बसते. भाभीनं ओरडून ग्लास काढला तर रडली नाही, जीभ बाहेर काढून तशीच बसली. काकीजीनं तिला चूळ भरायला लावली अन् ती चूळ कापडातून गाळली. त्याईलेच सुचलं असतं ते.

कापडावर ते होते. सगळे मावळतीकडं, समुद्राकडं तोंड करून. मी दारातून आत पाऊल टाकलं अन् ते वळले. माह्याकडं.

काकीजीनं कापड पाह्यलं, मग मले पाह्यलं. सगळं सांगून टाकलं. बाटली, बांगडा, घाट. भाभीनं मले थापड मारली, बरोबरच मारली. काकीजी नुसत्या खाली बसल्या. म्हणे, “एकच काम सांगतलं होतं रे तुले, वीरू.” अन् रडू लागल्या. त्या पोरीसाठी रडत होत्या का माह्यासाठी का त्या दोऱ्यायसाठी, कळलं नाही.

१६ मे

जिनल झोपेत माह्यं बोट धरून होती. तिच्या हिरडीतून एक निघाला. बोटावर आला. नखाखाली शिरला. मग दुसरा. मी बोट काढलं नाही. शेंबडासारखं गार, अन् नखाखाली ते सरपटणं— ओकारी आली ती गिळली. तिची झोपमोड होईल म्हणून गिळली. ती झोपेतच हासत होती, गुदगुल्या होत असतील. दुपारपर्यंत शेवटचा आला.

उठली अन् रस-पोळी मागतली. काकीजीनं तिची चूळ गाळली. कापड साफ. परत गाळली. साफ.

संयमभैया म्हणे, उद्या वीरूले अकोल्याले मोठ्या दवाखान्यात नेतो. काकीजी म्हणे, जीव त याचाई हाये.

मंग जिनल मले पाणी द्यायले आली. ग्लास घेऊन, हासत. अन् माह्या नाकातून, डोयाच्या कोपऱ्यातून, सगळे एकदम, ग्लासाकडं नाई, तिच्या तोंडाकडं—

मी पळत सुटलो. पितळी बादली तेवढी उचलली.

१७ मे, एसटीत

बाजूच्या बाईनं जागा बदलली. वासानं. तिच्या मांडीवर तान्हं होतं, बरं झालं बदलली.

काही खात नाई. पाणी पीत नाई. मावळतीकडं जाऊन राह्यलो तसे ते शांत होऊन राह्यले. पोटात गुंडाळी करून निजले.

आजवर कोणतंच काम पुरं नाई केलं मी. हे करतो.

१८ मे, माडबंदर

दुपार. बंगल्याले कुलूप. विहीर तशीच. म्हातारीनं दुरून पाह्यलं अन् सुकट सोडून घरात गेली.

बादली तोंडाखाली धरली. वाट पाह्यली. नाई आले. खोकलो, बोटं घातली. नुसती लाळ, तार तार, तुटत नाई. दोऱ्या वाशीमलेच राह्यल्या, अन् बादलीत पाणी नाई त कायले येतील.

वरून पाण्यावर वाकलो. ते हलले, पण सोडत नाईत. वरून नाई पडत ते. काकीजीनं सांगतलंच होतं. टेकवा लागते.

आतल्या दगडायवरून उतरलो. भिंतीले बुळबुळी, हात ठेवला की हात भरते. डायरी दातात धरून आलो, आता शेवटच्या दगडावर बसून—

पाण्यात खाली पांढरं हाये. सगळं पांढरं. तोंडं वर करून.

जिनलले म्हणा वाळूच्या विहिरीचं नाव मी ठेवलं नाई, तिनं ठेवावं. याडीले—

वर कोणी हाका मारून राह्यलं. काकाजींचा आवाज? वीरू, लेका, थांब. एवढ्या दूर कायले आले. जिनल गाडीत असंल त— नाई. मंग थांबता येत नाई.

बादली वरच राह्यली. तिचं काम नाई, आता मीच बादली.

पाय टेकले पाण्याले. गार. आता नुसतं उलटं—