बिबड्या जरा खारट झाल्या आहेत

प्रिय रोहिणी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या डेपोतला रोहिदास भुसावळच्या गाडीवर असतो ना, त्याला थांब्यावर गाठून ही पिशवी आणि पत्र दिलं. फोनच केला असता; पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? आबा जेवलात का, वड्या संपल्या का, ठेच्याच्या बरणीत ओला चमचा घातला नाही ना, एवढं विचारून होईस्तोवर तुझी गाडी सुटायची वेळ होते. आणि खरं सांगायचं तर हे तोंडानं बोलायची माझी हिंमत नाही.

पिशवीत बिबड्या आहेत. हसू नकोस, मी केल्या आहेत. उन्हाळ्यात आपल्या गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या बिबड्या घालतात, हे तुला सांगायला नको. एकीच्या घरी ज्वारीचा घाटा शिजला की बाकीच्या सगळ्या हात ओले करून थापायला, गच्चीवर वाळत घालायला हजर. तुझी आई गेल्यापासून तिची पाळी रिकामीच जात होती. यंदा मी समोरच्या इंदिराबाईकडे गेलो आणि म्हटलं, तिची पाळी मला द्या. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून बसायला पाट सरकवला. ज्वारी भिजत घालण्यापासून सगळं तिनं सांगितलं, हात मात्र माझेच लावले. कापसाच्या जिनिंगमधली मशिनं उघडून परत बसवणारा मी, पण घाटा घोटताना दंड भरून आले आणि वर तो रटरटून मनगटावर उडाला. चाखून बघितला तर अळणी. इंदिराबाई नको नको म्हणत असताना मी आणखी मूठभर मीठ टाकलं. ओल्या घाट्याला मीठ कमीच लागतं, वाळला की ते चढतं, हे मला काय ठाऊक! गच्चीवर मी काठी घेऊन कावळे हाकलत होतो, तर एक चोच मारून कावळ्यांनीच नाद सोडला, असं इंदिराबाई सगळ्या गल्लीला सांगत फिरते आहे.

मिठाचं मुद्दाम लिहितोय. मागच्या महिन्यात तू आणलेल्या वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे, असं मी तुला म्हणालो होतो. तू समोर भिंतीला टेकून बसली होतीस, पाय लांब केले होतेस, आणि पाय सुजलेले होते. पुढच्या वेळी बघते, एवढंच म्हणालीस. त्या बोलण्याची मला लाज वाटते, रोहिणी. पण लाज तिथून सुरू होत नाही, जरा मागून सांगावं लागेल.

तुझी आई गेली तेव्हा तू आणि भूषणराव दोघं मला धुळ्याला न्यायला आला होतात. मी म्हणालो, लेकीच्या घरचं पाणी मी पीत नाही. माझे वडील पीत नव्हते, मीही पीत नाही. नवल जन्मला तेव्हाच ते सुटायला हवं होतं. नातवाचं तोंड बघितलं की लोक सोडून देतात. माझ्या बरोबरीचे म्हातारे लेकीकडे महिना महिना राहून, अंगानं भरून परत येतात. मी मात्र ताणलं. मग तोड तूच काढलीस. रविवारी डबे घेऊन यायला लागलीस. दशम्या, काळ्या मसाल्याचं वाटण, भाजून ठेवलेलं पिठल्याचं पीठ, मुगाच्या वड्या, शेंगदाण्याची चटणी. आबा, नुसतं पाणी घाला, उकळी आणा, झालं. आठवडाभर तिकिटाचं मशीन गळ्यात घालून गाडीत उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडीतच बसायचं, मांडीवर पिशव्या घेऊन, धुळ्याहून जळगाव आणि जळगावहून नशिराबाद. मी इकडे आयत्या पिठावर रेघोट्या ओढत बसलो. वर चौकात छाती काढून सांगायचो की लेकीच्या घरचं पाणी अजून प्यालो नाही. तिच्या घरी खाल्लं तर बाटतो, तिनं माझ्या घरी आणून दिलं तर चालतं, असा माझा धर्म!

तुझी आई तिच्या माहेरच्या, शिरपूरकडच्या बोलीत म्हणायची, घरमा बठ्ठं शे. आणि घरात खरंच सगळं असायचं. पाहुणा अवेळी येवो, कोणी आजारी पडो, तिच्या डब्यांतून काहीतरी निघायचंच. मला वाटायचं, ते आपोआप भरतात.

आता आपल्या भावकीतल्या जीवरामच्या मुलाच्या, धुळ्याला झालेल्या लग्नाचं सांगतो. जेवणाच्या पंगतीत माझं तेच पाण्याचं पुराण चालू होतं आणि भाऊबंद माना डोलवत होते. निघायला वेळ होता म्हणून तुझ्याकडे डोकावलो. तू ड्यूटीवर होतीस, नवलनं दार उघडलं. नेहमीसारखी माझी पाण्याची बाटली माझ्याजवळ होती, पण धुळ्याच्या उन्हात पाणी कढत झालेलं, म्हणून ती गार करायला मी तुझा फ्रीज उघडला. म्हणजे बघ, तुझ्या फ्रीजचा गारवा मला चालतो, पाणी चालत नाही! आत बाटली ठेवायला जागा नव्हती. डब्यावर डबे, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून ‘आबा’ लिहिलेलं. मला बरं वाटलं. हो, त्या क्षणी बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू? एका कडेला बाटली कोंबून मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. तेवढ्यात भूषणराव कामावरून आले. त्यांनी चहा केला आणि नवलपुढे पाव आणि दुकानातली शेव ठेवली. पोरानं वांग्याची भाजी मागितली. भूषणराव हळूच म्हणाले, ती आबांची आहे. नवलनं हट्ट केला नाही, तोंड वाकडं केलं नाही. चहात पाव बुडवून खायला लागला. त्याला ते नेहमीचंच होतं, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांना वाटतं मला कमी ऐकू येतं. त्या दिवशी खरंच तसं असतं तर बरं झालं असतं.

मग तू आलीस. खाकी कपड्यांतच, घामानं चिंब, पण मला बघून केवढी हसलीस. आणि म्हणालीस, “आबा, आलाच आहात तर डबे घेऊनच जा ना. माझी रविवारची फेरी वाचेल.” लगेच जीभ चावलीस. तसं नाही हो, यायला मला आवडतंच, म्हणालीस. तोपर्यंत पिशव्या भरूनही झाल्या होत्या.

मी म्हणालो, गुडघा दुखतोय, ओझं झेपणार नाही, तूच आण.

गुडघा दुखत नव्हता. बाहेर वऱ्हाडाची गाडी उभी होती. तिच्यात ज्यांच्यासमोर तासाभरापूर्वी मी मिशीवर ताव दिला होता, तेच भाऊबंद बसले होते. त्यांच्यादेखत लेकीच्या घरून डबे बांधून नेताना दिसलो असतो, म्हणून मी पिशव्या तुझ्या हातात तशाच सोडल्या. तुझ्या फ्रीजमधून माझी बाटली तेवढी काढून घेतली आणि निघालो. तू दारात उभी राहून हात हलवत होतीस. रविवारी तेच डबे घेऊन तू आलीस, गाडीत बसायलासुद्धा जागा मिळाली नव्हती, रस्सा सांडून साडीला डाग पडला होता. ती भाजी तोंडात घालून मी म्हणालो, मीठ कमी आहे. तिच्यावर नवलचा डोळा होता, हे माहीत असून म्हणालो.

त्यानंतर तुझा प्रत्येक डबा उघडताना मला ते पोर दिसतं. शेवटी मनाचा हिय्या करून परवा जीवरामला सगळं सांगितलं. वाटलं, तो म्हणेल, भाऊ, इतकी वर्षं पाळलं, आता कशाला मोडता? तो म्हणाला, “तुम्ही पाण्याचं सांगायचे, आम्ही माना हलवायचो. पण रविवारी पोरगी पिशव्या घेऊन उतरायची, ते सगळं गाव बघत होतं, भाऊ.” ज्यांच्यासाठी तुला मी इतकं राबवलं, ते मला मनात हसत होते.

म्हणून हे पत्र. शनिवारी तू डाळ भिजत घालायच्या आत तुला मिळावं म्हणून रोहिदासला दोनदा बजावलं आहे. फ्रीजमध्ये माझ्या नावाचं जे काही साठलं असेल, ते आज नवलला वाढ. या रविवारी तू यायचं नाहीस, उन्हं वर येईपर्यंत झोपायचं. मी येतोय, सकाळच्या गाडीनं. भूषणरावांना सांग, आल्यावर ज्वारीची भाकरी मीच थापणार आहे. वेडीवाकडी होईल, पण इंदिराबाईच्या हाताखाली ती आता चुलीवर फुगायला लागली आहे. नवलच्या शेजारी माझं ताट मांड. त्यात मीठ वाढू नकोस, एक बिबडी तळून ठेव, तेवढी पुरेल. बाटली मी घरीच ठेवून येणार आहे, आणि ऊन फार आहे. दारात आलो की कसे आलात, काय झालं, काही विचारू नकोस. आधी तांब्याभर पाणी दे.

तुझाच,
आबा