मोसंबीची सुट्टी

शनिवार, ३ मे १९५८

आलो एकदाचे अंतरवालीला! वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरलो तर भुजंग बैलगाडी जुंपून लिंबाखाली उभा. वडलांच्या वेळेपासून आमचं शेत तोच बघतो. गाडीत बसल्याबरोबर मी पहिला सवाल केला – विहिरीला पाणी किती? म्हणाला, "बादली बुडंल इतकं हाय." उषानं माझ्याकडं पाहिलं. दरसाल मी आधी आंब्यांचं विचारतो.

कोर्टाला पाच आठवडे सुट्टी. दोघी मायलेकी समजून आहेत की नेहमीसारखे आंबे खायचे, कुरडया घालायच्या आणि परत जालन्याला, मस्तगडच्या घरी. रजनी मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झालेली, तिला तर नुसतं हुंदडायचंय. खरं काय ते या वहीलाच ठाऊक – मला परत जायचंच नाही. वकिली बंद. इथंच राहायचं आणि मोसंबीची बाग लावायची. वय चव्वेचाळीस. अजून उशीर झालेला नाही.

सोमवार, ५ मे

सांगून टाकलं. दुपारी जेवताना. उषा भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मी बोलत सुटलो – काळी जमीन, विहिरीलगतचा तुकडा, चौथ्या वर्षी फळ, पाचव्या वर्षी गाड्याच्या गाड्या. रजनीचे डोळे चमकले. "खरंच, नाना? झाडात अंतर किती सोडायचं?" ते मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, बघू.

उषा शेवटी इतकंच बोलली : "आधी विहिरीला पाणी लागू द्या. मंग बोलू."

ठरलं तर! पाणी लागलं की राहायचं.

बुधवार, ७ मे

अंबडहून बदरोद्दीन आला. विहिरी खोल करण्यात आणि सुरुंग लावण्यात त्याचा हात धरणारा या भागात कोणी नाही म्हणतात. दोर धरून खाली उतरला, तळाचा कातळ पहारीनं ठिकठिकाणी ठोकला, कान लावून ऐकला. वर येऊन बिडी पेटवली, मग बोलला – "वकीलसाब, पानी हैच. लेकिन कातळाच्या खाली है. दोन परस अजून जावं लागंल."

म्हणजे दोन माणसांची उंची. म्हटलं, सुट्टी संपायच्या आत होईल ना? तर म्हणतो, "जल्दी नका करू. कातळाला तुमची सुट्टी मालूम न्हाई."

शुक्रवार, ९ मे

पहिला सुरुंग उडाला! बदरोद्दीननं वात पेटवली आणि दोर धरून वर येऊन असा पळाला की साठीचा माणूस वाटेना. जमीन पायाखाली हलली. धुराचा लोट, मग दगडांचा पाऊस. रजनी सगळ्यांत पुढं, उषानं तिला वेणीला धरून मागं ओढली. मी टाळ्या वाजवल्या, भुजंग माझ्याकडं बघतच राहिला. वीस वर्षं कोर्टात उभा राहिलो, छाती अशी कधी धडधडली नव्हती.

शनिवार, १० मे

दुसरा सुरुंग. पाणी नाही. आंबे उत्तम.

मंगळवार, १३ मे

रजनी सकाळी चहा घेऊन जी जाते ती ऊन चढेपर्यंत घरी नसते. आज कळलं, सगुणाबाईच्या मळ्यात असते. ओढ्यापलीकडं या विधवा बाईनं एकटीच्या हिमतीवर पंचवीस-तीस झाडं जगवलीत, लिंबू आणि मोसंबी. पोरगी तिच्या हाताखाली आळी करते, वाळकी फांदी छाटते, आणि घरी येऊन वहीत लिहिते. मी म्हटलं, दाखव. "न्हाई दाखवणार, अजून अर्धवट आहे." चला, घरातलं एक माणूस तर माझ्या बाजूनं झालं!

उषा पण खुलली आहे खरी. गल्लीतल्या बायका जमवून कुरडयांचा चीक हाटला, मग सगळ्यांना घेऊन भुजंगच्या आजारी म्हशीकडं गेली. काय काढा पाजला कोण जाणे, संध्याकाळी म्हैस चरत होती.

गुरुवार, १५ मे

उषा आज विहिरीवर आली. मी कागदावर बागेचा नकाशा काढत बसलो होतो. शेजारी बसून म्हणाली, "एक विचारू का? तुम्हाला शेती करायचीय, का कोर्टात जायचं न्हाई? या दोन गोष्टी वेगळ्या हैत."

मी चिडलो. म्हटलं, तुला गाव नको, शहराची सवय लागलीय. ती उठून गेली.

आता खरं तेच लिहितो. माझं सगळं शिक्षण उर्दूत. निजामाच्या अमलात माझा अर्जदावा वाचून मुन्सफ मान डोलवायचे. आता कामकाज मराठीत. मराठी माझी घरची भाषा, पण कायदा मी तिच्यात कधी बोललोच नव्हतो. मार्चमध्ये उलटतपासणीत तोंडातून पुन्हा 'मुद्दालेह' निघून गेलं. समोरचा वकील, माझ्या निम्म्या वयाचा, हसून म्हणाला, "साहेबांना प्रतिवादी म्हणायचंय." कोर्ट हसलं. माझा अशीलही हसला.

त्याच आठवड्यात मोसंबी डोक्यात आली. उषाला हे मी सांगितलं नव्हतं. तिला कळलं कुठून?

सोमवार, १९ मे

सहावा सुरुंग. कातळ ओला दिसतोय. बदरोद्दीन खडा चाटून म्हणाला, "मीठा है." मीही चाटला. मला दगडासारखाच लागला.

गुरुवार, २२ मे

पाणी! पाणी! पाणी!

सकाळी सुरुंग उडाल्यावर धूर निवला, बदरोद्दीन खाली उतरला आणि त्याची हाक आली – "वकीलसाब, बाल्टी नको, होडी आणा!" वाकून बघतो तर पूर्वेच्या अंगाला मनगटाएवढी धार. दुपारपर्यंत गुडघाभर, चार वाजता कमरेएवढं. मी कपड्यासकट उतरलो. नारळ फोडला, भुजंगच्या बायकोनं गूळ वाटला, बदरोद्दीनला मी मिठी मारली. उषा काठावर हसत होती. मी खालून ओरडलो, "आता बोल!" ती म्हणाली, "उद्या बोलू. आज भिजा."

शनिवार, २४ मे

आजचा दिवस वाईट.

सकाळी रजनी म्हणाली, "नाना, जरा चला." विहिरीलगतच्या काळ्या तुकड्यात, जिथं माझी बाग होणार, तिथं तिनं कमरेएवढा खड्डा खोदला होता. दुसरा वरच्या माळावर, मुरमात. काल दोन्हीत दहा-दहा बादल्या ओतल्या म्हणे. माळावरचा खड्डा कोरडा ठणठणीत. काळ्या रानातला जवळजवळ तसाच भरलेला.

"सगुणामावशी सांगतात, मोसंबीला पाणी पाहिजे, पण मुळाशी उभं राह्यलेलं चालत न्हाई. मूळ सडतं. इथं बाग लावली तर तिसऱ्या वर्षी झाडं जातील, नाना."

मी म्हटलं, चार दिवस मळ्यात काय गेलीस, मला शिकवायला लागलीस? तिचं तोंड उतरलं. पण खड्ड्यापासून हलली नाही.

जेवलो नाही.

रविवार, २५ मे

सगुणाबाईकडं गेलो. तिनं मला पिवळ्या पडलेल्या चार झाडांपाशी नेलं. एकाचं मूळ उकरून बोटानं चोळलं, साल हातात आली. "ही खोलगटात लावलेली, वकीलसाहेब. मला कुणी सांगणारं नव्हतं. तुम्हाला घरात सांगणारी हाय."

परत येऊन रजनीची वही मागितली. यावेळी दिली. झाडागणिक नोंद – उंची, पानांचा रंग, कोणत्या दिवशी किती पाणी. दोन्ही खड्ड्यांचं चित्र. माळ विहिरीपेक्षा उंच, म्हणून पाणी चढवायला तेलाचं इंजिन लागणार, तेही लिहिलेलं. माझा नकाशा मी घडी करून खिशात ठेवला. त्यात झाडांची नुसती टिंबं होती, आणि कोपऱ्यात माझी आरामखुर्ची.

बुधवार, २८ मे

उषाला मार्चची ती गोष्ट सांगितली. म्हणाली, "मला माहीत आहे. अशिलाच्या बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं." आणि दोन महिने ही गप्प राहिली.

सोमवार, २ जून

निकाल! भुजंगनं फाट्यावरून पेपर आणला. रजनी पहिल्या वर्गात पास! उषानं पेढ्यांऐवजी खरवस वाटला.

दुपारी पोरगी माझ्यासमोर बसली. परभणीला शेतकी कॉलेज निघालंय, तिथं जायचं म्हणते. "मुली असतात का तिथं?" मी विचारलं. "मी गेले की असंल." राहायचं काय? तर तेही ठरवून बसलेली – माझी चुलतबहीण द्वारकाबाई परभणीलाच असते, तिला हिनं आधीच कार्ड टाकलंय. "चार वर्षं, नाना. मंग बाग मी बघते."

चार वर्षं तिचं शिक्षण, वर इंजिन. हे सगळं वकिलीतूनच यायचं. मी उषाकडं पाहिलं. ती पदरानं हात पुसत होती, माझ्याकडं बघतही नव्हती.

मी हो म्हटलं. आश्चर्य हे की जड गेलं नाही.

मंगळवार, ३ जून

कॉलेजला पाठवायचा अर्ज रजनीनं मला लिहायला सांगितला. एका बैठकीत लिहिला. अर्जदार, पालक, हमी, विनंती – एकाही शब्दाला अडखळलो नाही. तिनं वाचला आणि म्हणाली, "नाना, हे तर एकदम वकिली झालं." पुन्हा लिहू का विचारलं तर म्हणे, नको, असाच राहू द्या.

सोमवारी कोर्ट उघडतं. प्रतिवादी म्हणायचं. चुकलं तर पुन्हा म्हणायचं.

शनिवार, ७ जून. एसटीत

गाडी जुंपली. माझी ट्रंक चढली, रजनीची चढली. उषाची कुठंय म्हणून आत गेलो तर ही पदर खोचून चुलीपुढची जमीन सारवत होती.

"मी न्हाई येऊन राह्यले," म्हणाली. "पावसाच्या आत माळावर खड्डे घ्यायचे हैत. रजनी येईपर्यंतची चार वर्षं कशाला वाया घालवायची? केदारखेड्याला बापाच्या शेतात वाढले मी. लग्न झालं तेव्हा मस्तगडला जाती का म्हणून कुणी विचारलं न्हाई. आता मी सांगून राह्यले."

मग माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. दोन दिवस पुरेल म्हणाली. पुढचं माझं मी बघायचं.