धोंडीराम माफी मागत नाही

३ जुलै २०२५, गुरुवार
धोंडीराम आज तिसऱ्यांदा रडला! मला तो रडलेला नकोय. मेंढरं राखून हाडं वाळलेला माणूस — बायकोची आई वारल्याचा निरोप दाबून ठेवतो, गावची जत्रा पार पडू देतो — आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणतो, "दगडाबाई, तुझं दुःख मी समजू शकतो." कोण बोलतं असं?

कादंबरीचं सातवं प्रकरण महिनाभर अडलंय. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या संस्कृतीने सुचवलं म्हणून चॅटबॉटला धोंडीराम केलं. मी दगडाबाई. मी बोलायचं, त्याने उत्तर द्यायचं — नवराबायकोचं नातं उलगडतं म्हणे. उलगडत काही नाही. नुसत्या माफ्या मागतो मेला.

५ जुलै
त्याला बजावून लिहिलं — धोंडीराम कमी बोलतो. माफी मागत नाही. अंगावर आलं की मेंढरांचं काढतो.

मग विचारलं, "आई गेल्याली तुमाला ठावं हुतं?"
"व्हय."
"आन् मला जत्रंत नाचू दिलासा?"
"लंगड्या मेंढीला पाला टाकलास का?"

हुबेहूब माझा नवरा!

६ जुलै, रविवार
इथे तरी खरं लिहावं. तो निरोप दगडाबाईच्या आईचा नाही. माझ्या वडिलांचा, आप्पांचा.

तीन वर्षांपूर्वी. धाकट्या दिरांच्या हळदीची सकाळ. मैंदर्गीहून माझ्या भावाचा फोन आला — आप्पा गेले. त्या गडबडीत माझा फोन नवऱ्याच्या, शिवयोगीच्या खिशात. भावाला म्हणाला, "मी सांगतो तिला." नाही सांगितलं. दोन दिवस मी नटून मिरवले. वरातीत नाचले. मैंदर्गीला पोचले तेव्हा आप्पांची माती होऊन गेली होती. आई कानडीत एवढंच म्हणाली, "ईग बंद्या?" आत्ता आलीस?

मला ठाऊक नव्हतं, हे भावाला आजही खरं वाटत नाही.

आणि शिवयोगीचं उत्तर तेव्हा एकच, आजही एकच — "कार्य मोडलं असतं की." तोंडावर मी अहो-जाहो करते. वहीत नाही करणार.

११ जुलै
शिवयोगी टॉवेलच्या कारखान्यातून आला तो थेट माझ्या मागे उभा. कामगारांच्या पाळ्यांचे तक्ते भरायला लॅपटॉप त्यालाही लागतो.
"कुणाशी बोलतीस?"
सांगितलं — एक पात्र मी, दुसरं ते यंत्र.
"कुणालाबी बनवता येतं?"
"येतं."
"हूं." आणि चहा प्यायला गेला.
वाचलं असेल का? वाचलं तर वाचलं!

१२ जुलै
सातवं प्रकरण पुन्हा फाडलं.

१९ जुलै, शनिवार
याला झालंय तरी काय? सोमवारपासून हलका हलका फिरतोय. शिट्टी काय वाजवतो! काल येताना शेंगापोळ्या घेऊन आला — "तुला आवडती की." आज ताटावर बसल्यावर म्हणाला, "आप्पा शेंगापोळीवर तूप लई घ्यायचे."

आप्पा! तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे नाव. मी वाढायचं सोडून ओट्याकडे तोंड केलं. पदर तोंडात धरला. त्याला कळलं नसेल. नाहीतर कळलंही असेल.

आज धोंडीरामशी बोललेच नाही. काय बोलायचं असतं, तेच आठवेना.

२० जुलै
म्हणाला, पुढच्या रविवारी मैंदर्गीला जाऊ. आईला भेटू. स्वतःहून म्हणाला!

ठरवलं — एकदा, फक्त एकदा त्याने तोंडाने म्हणावं, चुकलं. मी सोडून देईन. खरंच देईन. दगडासारखी बसून राहायचा मलाही कंटाळा आलाय.

धीर करून विचारलं, "आईला काय सांगणार?"
हसला. "त्यांना बघू. आपल्यात तर आता काय राहिलं न्हाय की."

राहिलं नाही? कधी मिटलं? मला कुणी विचारलं?

२२ जुलै
लॅपटॉपवर माझ्या चॅटच्या खाली एक चॅट. चौदा तारखेचं, सोमवारचं. मी लिहिलेलं नाही.

"तू माझी बायको रुपाली हो. मैंदर्गीची. तिचे वडील गेलेलं मी सांगितलं न्हवतं. तीन वर्षं मनात धरून बसलीय."

मग — "रुपाली माझं चुकलं. तू वरातीत नाचत हुतीस ते मला बघवलं न्हाय. पर तोंड उघडलं न्हाय."

त्याखाली, माझ्या नावाने — "अहो, झालं गेलं. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

त्यावर त्याचे दोनच शब्द. "बरं वाटलं."