पुढून बुटकी, मागून उंच

तीर्थस्वरूप मामा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्याला ग्रीस लागलंय, कागदावर ठसा दिसला तर रागावू नका). गुडघे कसे आहेत? मामींचा फोन आला होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गुडघे आता बरे आहेत, पण गुडघ्यांचा मालक उठायला तयार नाही. व्हरांड्यात स्टेपनीवर उशी टाकून तुम्ही दिवसभर बसता आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवता, असं कळलं. खुशाल ठेवा. जीप मला दिलीत तेव्हा कागद दिलेत, जॅक दिलात, सीटखालची ती फाटकी चादरसुद्धा दिलीत, फक्त स्टेपनी उतरवून घेतलीत. "एवढी राहू दे माझ्यापाशी," म्हणालात. इकडे आई मजेत, तुमची भाचेसून मजेत आणि जीपही मजेत आहे. जीपबद्दल तुमच्या कानावर काही वेगळं आलं असेल, तर ते आईने घातलेलं असणार. आपल्या थोरल्या बहिणीची तिखटमीठ लावायची सवय तुम्हाला मी काय सांगावी! म्हणून म्हटलं, खरं काय ते मीच लिहावं.

तुमचंच काम मी पुढे चालवतोय. दर गुरुवारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना वरच्या वस्तीवर न्यायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं. (काम अजून पक्कं झालेलं नाही. दवाखान्याचे साहेब "बघू" म्हणतात, आणि ते हा शब्द कसा म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे.) तर गेल्या महिन्यात मागचा डावा टायर फुटला. असा दणक्यात फुटला की समोरच्या न्हाव्याकडचं गिऱ्हाईक अर्ध्या मिशीनिशी रस्त्यावर आलं. स्टेपनी नव्हती, का नव्हती, त्या विषयात मी शिरत नाही. टायरवाला म्हणाला, या मापाचा टायर आता बनत नाही. त्याच्याकडे मोठ्या मापाची एकच जोडी शिल्लक होती. चारही बदलायला हवेत, असं तो पुटपुटला, पण दोन टायर विकायला बसलेल्या माणसाने चारांची भाषा केली की मी ती मनावर घेत नाही. दोन्ही मागे बसवून टाकले. "चारही चाकं एका मापाची ठेव," असं तुम्ही बजावलं होतंत, ते मी विसरलो नव्हतो. मी त्याचा अर्थ लावला. डावं-उजवं सारखं असावं, एवढंच तुम्हाला म्हणायचं असणार. पुढचं-मागचं सारखंच हवं असतं तर ट्रॅक्टर कुणी बनवला असता?

आणि मामा, सपाट रस्त्यावर गाडी काय सुंदर चालली म्हणून सांगू! मागून उंच, पुढून बुटकी, त्यामुळे कायम उतारावर असल्यासारखी दिसायची. माझा तर हिशेब असा होता की उतारावर पेट्रोल कमी लागतं. वेगाचा काटा दाखवायचा त्यापेक्षा गाडी जास्त पळायची, म्हणून आम्ही सगळीकडे वेळेआधी पोचू लागलो, आणि साहेबांनी एकदा चक्क "वा!" म्हटलं. किरकोळ गोष्टी घडायच्या, नाही असं नाही. औषधांची पेटी घसरत घसरत बाईंच्या पायांवर यायची आणि दिव्यांचा उजेड समोरच्या रस्त्याऐवजी आमच्याच पुढच्या बंपरखाली पडायचा. (दिवे वर करून घेतले. पेटी बाईंनी मांडीवर घ्यायला सुरुवात केली.)

मागच्या गुरुवारी चढावर चिखल होता. ओढ्यापुढे मी छोटा दांडा ओढून पुढची चाकं मागच्यांना जोडली, म्हणजे चारही एकदम ओढू लागली, आणि गाडी चिखलातून अशी वर गेली की बाईंनीही मान डोलावली. तिथवर माझ्या अकलेचं कौतुकच व्हायला हवं. पुढे वस्तीत शिरताना तुमच्या वेळी नव्हता तो सिमेंटचा रस्ता लागतो. कोरडा ठणठणीत. तिथे स्टिअरिंग एकदम जड झालं, गाडी आचके देऊ लागली, खालून कुणीतरी लोखंड चावतंय असा आवाज यायला लागला. दांडा मागे ढकलतोय तर तो हलायला तयार नाही. दोन्ही हातांनी ओढला, लाथ मारून पाहिली, गोडीत घेतलं. शेवटी पाण्याच्या टाकीजवळ, चढावरच, हँडब्रेक लावून मी खाली वाकून बघायला उतरलो. हँडब्रेक लागला होता अशी माझी समजूत होती. जीपची तशी नव्हती. ती बाईंना आणि पेटीला घेऊन उलटी निघाली, कुणाची तरी वाळत घातलेली दोरीभर धुणी अंगावर ओढत वाळूच्या ढिगाला टेकली आणि थांबली. आणि काय सांगू, मागे जाता जाता खाडकन आवाज होऊन दांडा आपोआप सुटला! मी लगेच जाहीर केलं की मला हेच करायचं होतं. लोकांनी ऐकून घेतलं. बाई एका चादरीखाली होत्या, त्यामुळे त्यांचं मत लगेच कळलं नाही.

कळलं ते परतीच्या वाटेवर. पुढच्या गुरुवारी चारही चाकं एका मापाची असतील तर मी बसेन, नाहीतर साहेबांना दुसरी गाडी बघायला सांगते, एवढंच त्या म्हणाल्या. दुसरी गाडी म्हणजे साहेबांच्या मेव्हण्याची, जिचं पोट गतिरोधकालाही घासतं. ती ओढ्यापलीकडे जाणारच नाही. म्हणजे काम माझं जाईल ते जाईल, वरच्या म्हाताऱ्यांनाही खोकत खोकत ओढ्यापर्यंत उतरावं लागेल. हे मला खरंच बरं वाटत नाही.

घरी आल्यावर मी तुमच्या भाचेसुनेला सगळं समजावत होतो, तर तिनेच मला समजावलं. "आपण फिरायला जातो तेव्हा तुझ्या एका पावलाला माझी दीड पडतात. हात सुटे असतात म्हणून निभतं. पाय एकत्र बांध, मग बघ कोण आधी पडतं ते." जीपचंही तेच: चिखलात चाकं घसरतात म्हणून भागलं, सिमेंटवर घसरायला जागा नव्हती. मिस्त्रीनेही गाडीखाली झोपून तेच सांगितलं, आणि वर असंही की आणखी एकदा असं केलंस तर खालचा गिअरचा डबा हातात येईल. थोडक्यात, सगळं माझ्या आटोक्यात आहे. तुम्ही अजिबात काळजी करू नका, आणि मुळीच उठू नका.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. तेवढं उठावं लागेल. जुन्या मापाचे तीन धड टायर माझ्याकडे आहेत. चौथा कुठल्याच दुकानात नाही. तो कुठे आहे हे तुम्हाला मला सांगायला नको. पत्र वाचताना बहुधा त्याच्यावरच बसला असाल. बाकीचे तीन रस्त्यावर झिजलेत, हा उशीखाली झिजलाय, पण मिस्त्री म्हणतो चालेल.

पुन्हा ता. क. वरचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वस्तीवरच्या लोकांचं का नाही लिहिलंस? तर लिहितो. वाळूच्या ढिगातून जीप ढकलताना सगळे एकच विचारत होते, मामा कुठे आहेत, मामा का येत नाहीत. आणि ज्यांची धुणी मळली त्या आजींनी तर हेही सांगितलं की दांडा अडकला की मामा वाकून बघत नसत, आधी चार हात गाडी मागे घेत. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

शेवटचा ता. क. टायर पाठवू नका. घेऊन या. मी वर कितीही ऐट मारली असली तरी त्या चढावर मला तुम्ही शेजारी हवे आहात, नावं ठेवत. इकडे घरी बसायचीही सोय झाली आहे: मोठे दोन्ही टायर आता रिकामे होतील, आणि एकावर एक ठेवले की बरोबर खुर्चीएवढी उंची होते, गुडघ्यांना उठायला सोपी. फक्त उशी तुमची आणा.