संघपाल सरचा सत्कार

तांडा, ता. मानोरा
दि. १२ जानेवारी २०२५

भिया बबलू,

जय सेवालाल.

संघपाल सरले क्लबाच्या कोचगिरीतून मी काढलं. अध्यक्ष उकंडभाऊनं नाही, मी. हे पयलेच लिवून टाकतो, नाही त खुशाली लिवता लिवता मी सटकून जाईन. तुले माहीत हाय मी कसा हाय ते.

इकडं सगळे बरे. माही याडी बरी हाय. तुमच्या घराचं कुलूप शाबूत हाय. तुमची बकरी आमच्याकडं हाय अन याडीच्या हातचंच खाते, माह्या हातचं खात नाही. तिकडं फडावरच्या पाचटाच्या कोपीत थंडी लय असन. ऊस तोडून तोडून तुह्या बापूची कंबर गेली असं रामकिसनकाका सांगत होते. तुहा गुडघा कसा हाय हे मी इचारत नाही. म्हंजे इचारतो, पन उत्तर लिवू नको.

फोन काहून नाही केला म्हनशील. अबे, फोनवर माह्या आवाजाचा कोनाले भरोसाच राह्यला नाही. परवा हेमलाले फोन केला, माह्याच आवाजात, त म्हने, "बादलचा आवाज बरा काढतो बे, कोन हायस तू?" म्हून कागद. रामकिसनकाका ट्रॅक्टर घेऊन तिकडंच येऊन राह्यले, त्याईच्या हाती देतो.

त झालं असं. केनवडच्या पोट्ट्याईनं आमाले तीन गोल मारले. तू गोलात असता त एखादाच बसला असता. वापस आल्यावर सगळे स्टँडवरच्या कँटीनमंदी तोंड पाडून बसले होते. हेमला म्हने, "बादल, भाऊचा आवाज काढ ना बे." मी काढला. पयले ते खाकरनं, मंग नाकातून "बरं का मास्तर." पोट्ट्याईच्या नाकातून चहा आला. मंग हेमलानं त्याचं नवीन सिम टाकलं अन म्हने, "हिंमत असन त लाव सरले."

लावला.

"बरं का मास्तर, उकंडराव बोलून राह्यलो. पोट्टे नाराज हायेत. उद्यापासून मैदानावर येऊ नका."

आमाले वाटलं, सर भडकतीन. काहून येऊ नको म्हनतीन. मंग मी म्हनीन, सर, मी बादल! अन सकाळी सर आमाले मैदानाच्या चकरा मारायले लावतीन. बस, एवढीच मजाक.

सर भडकले नाही. मंग म्हने, "बरं भाऊ. किल्ली अन शिट्टी कोनाच्या हाती पाठवू?"

हेमलानं कान लावला होता, त्यानंच फोन कट केला. कोनी हासलं नाही.

तुले याद असन, सर एकदा सांगत होते, त्याईच्या जुन्या क्लबानं त्याईले हाफटाइममंदी काढलं होतं. पानी पाजनाऱ्याच्या हाती निरोप. त्याच्या आंधीच्या क्लबात त गेटवरच्या चौकीदारानं सांगतलं, तुमाले आत सोडू नको म्हने. आपुन तवा हासलो होतो. त्या दिवशी कँटीनमंदी मले वाटलं, ज्या मानसाले असं दोन खेपा काढलं, त्याले तिसऱ्या खेपेस काहून म्हनून इचारायची लाजच वाटत असन. कुत्र्याले हाड म्हटलं त ते बी एकदा वळून पायते, भिया.

सकाळी उठल्याबरोबर मी भाऊच्या घरी गेलो. भाऊ वट्ट्यावर दाढी करून घेत होते.

"भाऊ, आमी सरसंग मजाक केली जी. तुमी एक फोन करा त्याईले, म्हना या."

भाऊनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हने, "काढ बरं माहा आवाज."

मी काढला. भाऊ एवढे हासले का न्हाव्यानं वस्तरा बाजूले धरला. "अरे लेकाच्या! दिवाळीपासून मले जे जमत नव्हतं ते तू एका फोनमंदी केलं. तो मास्तर त्या बबल्याच्या गुडघ्यासाठी माह्या मानगुटीवर बसला होता. संघटनेले सांगतो म्हने, गोलातला खड्डा तुमच्या वाढदिवसाच्या मांडवाच्या खांबाचा होता. आता सांग म्हना!"

तुले हे माहीत नसन. सरनं तुले मुद्दामच सांगतलं नसन, उगी आशा लागते म्हून. जिल्ह्याची संघटना ऑपरेशन करून देते, पन गुडघा मैदानातच गेला हे क्लबाच्या कोचनं नाही त कॅप्टननं सांगाव लागते. सर सांगनार होते. त्याच हप्त्यात.

मी म्हटलं, "भाऊ, पन सर..."

"सरचं मी पायतो. तू चूप राह्यला त कॅप्टन तू. नागपूरच्या निवडीले तुहं नाव पयलं."

मी चूप राह्यलो.

सर त्या दिवशी आले नाही, दुसऱ्या दिवशी बी नाही. तिसऱ्या दिवशी सरच्या घरच्या सरिता मॅडम आल्या अन किल्ली अन शिट्टी कँटीनच्या गल्ल्यावर ठेवून गेल्या. माह्याकडं पायलं नाही. एरवी त्या आपल्याले मटनाच्या रश्श्यासाठी घरी हाका मारत.

मंग भाऊनं सरचा सत्कार ठेवला. आपल्याकडं हे बरं हाय. मानसाले काढाचं, अन वरून शाल पांघरून नारळ द्याचा, म्हंजे दुनियेले वाटते तो आपल्या मनानं गेला. अन गळ्यात हार घातल्यावर तो मानूस बी काय बोलन? भाऊ माईकवर म्हने, "मास्तर घरगुती अडचनीमुळं जाऊन राह्यले, माह्या डोळ्यात पानी हाय." लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मंग म्हने, "नारळ आपल्या नवीन कॅप्टनच्या हातून."

मी दिला, भिया. फोटोवाला म्हने, "तसेच थांबा, जरा हासा." सर हासले. अन हासता हासताच, ओठ न हालवता म्हने, "बादल, भाऊ मले कधी स्वतः फोन करत नाही रे. दुसऱ्याच्याच हाती निरोप पाठवतेत. अन मागून त कँटीनवाला 'दोन कट चहा' म्हनून ओरडत होता."

मी म्हटलं, "मंग सर, तुमी आले काहून नाही?"

"वाट पायली दोन दिवस. म्हटलं, कोनीतरी पोट्टा येईन अन म्हनन, सर, मजाक होती, चाला. भाऊ येनार नाही हे मले माहीत होतं. पन तुमी पोट्टे."

फोटोवाला म्हने, "झालं." सर उतरले अन त्याईनं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

एवढं लिवून कागद बंद करनार होतो. पन अजून एक हाय, अन तेच खरं.

काल संघटनेचे लोक आले. सरनं जाता जाता त्याईले फोन केला होता वाटते. त्याईनं मैदान पायलं. खड्डा भाऊनं कवाच बुजवून वरून मुरूम टाकला होता. एक जन म्हने, "तक्रार करनारा कोच आता क्लबात नाही, त्याचं चालत नाही. कॅप्टन कोन हाय?" भाऊनं माह्या खांद्यावर हात ठेवला. जोरात नाही, लाडानं ठेवला.

"तुमच्या गोलकीपरले खेळतानी लागलं का?"

हेमला खाली पायत होता. सगळेच पायत होते. मले तू दिसत होता, त्या खड्ड्यात पाय अडकलेला, अन सर तुले पाठीवर घेऊन पळत होते ते.

मी म्हटलं, "नाही जी. मोटरसायकलवरून पडला तो."

अन भिया, ते मी माह्याच आवाजात म्हटलं.

त्याईनं मान हालवली अन चहा पिऊन गेले. तुहं ऑपरेशन गेलं. मी रातभर इचार केला का आता जाऊन खरं सांगाव, पन ऐकनारं कोन हाय? सर अकोल्याले गेले, कुठं राह्यतेत कोनाले माहीत नाही. संघटनेवाल्याईले भाऊ म्हनतीन, हा नकल्या पोट्टा हाय, आज असा बोलते, उद्या तसा. अन ते खरंच हाय ना बे.

इकडं याडीनं तांडाभर सांगून ठेवलं, माहा बादल नागपूरले खेळायले चालला. तिनं नवीन बूट आनले. मी ते घातले त चांगले बसतेत. त्याचीच लय लाज वाटते.

मले शिव्या दे. वापस आला त कुबडीनं मार, मी हालनार नाही. पन तुह्या बापूले सांगू नको, माह्या याडीले त बिलकूल नको, अन सरचा नंबर कोनी दिला त त्याईले बी नको. सांगतलं त माहं नागपूर जाईन, अन तुहा गुडघा काही वापस येनार नाही. असं लिवतानी मले कळते मी काय लिवून राह्यलो ते.

खाली 'तुहा' लिवायची हिंमत होत नाही.

बादल

वाचला का चुलीत टाकजो. तुह्या त्याच पायाले हात लावतो, भिया, कोनाले सांगू नको. कोनालेच नको.