तांबडी रेघ

आबा, तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली, तरी आलेखाचा कागद दिसला की माझं डोकं अजून फिरतं. एकाहत्तरच्या लढाईनंतर तुम्ही पलटणीतून साताऱ्याला घरी आलात आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर भाताच्या शितांनी ते कागद चिकटवलेत. दुपारच्या एसटीनं वर्तमानपत्र येतं. फोडणीचा वास, खिडकीतून तिरपं ऊन, आणि तुम्ही पैसे घातलेल्या गिरणीच्या शेअरचा भाव हुकूम दिल्यासारखा ओरडताय. मी निळ्या पेन्सिलीनं ठिपका देते, मग दहा दिवसांच्या भावाची सरासरी काढून तांबडा. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्या हाताला वळण लावलेलं, म्हणून आकडेमोड माझी, रेघा माझ्या, आणि पाहुण्यांना सांगताना तुम्ही म्हणायचात, “माझा चार्ट”!

नियम तुमच्या पलटणीतल्या साहेबानं शिकवलेला. निळी रेघ उतरून तांबडीला कापून खाली गेली, की शिखर झालं, विकायचं. “आन् इकलं की हिचं लगीन. वडूजची मंडळी कवाची थांबल्यात.”

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “आवं, पोरीचं लगीन रेघंवर टांगलंय व्हय?”

“रेघ खोटं बोलत न्हाई.”

मला कुणी विचारलं? मला सांगलीच्या कॉलेजात गणित शिकायचं होतं. निळी रेघ स्वप्नात यायची, अजिंक्यताऱ्याच्या उतारासारखी, धुक्यात गेलेली, आणि तळाशी मांडव.

मग भाव खरंच उतरू लागला. “इका की आता,” आई म्हणाली. तुम्ही भिंतीकडे बोट केलंत. “अजून कापलं न्हाई.” तुम्ही घेतलं होतं त्या भावाच्याही खाली तो गेला. वडूजची मंडळी दुसरीकडे वळली, मी शिष्यवृत्तीवर सांगलीला गेले. “मला शिखर वळकता आलं न्हाई,” असं मरेपर्यंत सांगत राहिलात. तेव्हाही चार्ट तुमचाच. चूकसुद्धा मला दिली नाहीत!

गणित शिकवून मी निवृत्त झाले. काल त्या कागदांची गुंडाळी उघडून तांबडी रेघ पुन्हा मारली. साहेबाचा नियम बरोबर होता, आबा. निळीनं तिला कापलं तो बुधवार होता. त्या दुपारी तांबडा ठिपका मी हिशेबापेक्षा दोन घरं खाली दिला, आणि पुढे रोजच देत गेले.

हे पत्र त्याच गुंडाळीत ठेवते आहे. त्या आठवड्यात पाठीवर थाप मारून तुम्ही म्हणाला होतात, “लय सरळ हात हाय पोरीचा.” ती शाबासकी मी घेतली होती. परत करणार नाही.