कोट छान बसलाय

९ डिसेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला कमी आहे, हात मात्र थरथरतो तो थरथरतोच. दुकानाचं छत एकदाचं दुरुस्त करून घेतलं. हिची कंबर धरलीय, तरी काजं करायला बसतेच, कोणाचं ऐकेल तर शपथ.

बाबांचा नव्या कोटातला फोटो का पाठवत नाहीस, असं तू दोनदा विचारलंस. मागच्या पत्रात मी 'कोट छान बसलाय' असं लिहिलं होतं. ते खोटं नाही. छानच बसलाय. फक्त कोणाच्या अंगावर, ते लिहिलं नव्हतं.

पत्र फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

बाबांचा नेम तुला ठाऊक आहे. थंडीच्या तोंडावर नवा तागा उघडला की त्यातलं पहिलं कापड अशा माणसाचं, ज्याला अंगभर कोट नाही. 'यात माझा चांगुलपणा नाही, देवाने नेमून दिलेलं काम आहे,' असं म्हणायचे. यंदा हात चालेना, म्हणून ते काम माझ्यावर आलं. मी शहाणपणा केला. तागा आणलाच नाही. कपाटातले उरलेसुरले तुकडे जोडले आणि लहान, मध्यम, मोठे असे दहा कोट शिवून मोकळा झालो. नऊ खपले. दहावा परत आला.

गल्लीत भंगार गोळा करणारा एक जण येतो, तो घेऊन आला. नीट घडी घालून. "मालक, रागावू नका. हा मला होत नाही. दुसऱ्या कोणाला तरी द्या." पोतं वाहून वाहून त्याचा उजवा खांदा चार बोटं खाली गेलाय.

मी म्हटलं, "अरे, फुकटच्या कोटाला फिटिंग कसलं बघतोस?"

बाबा आत खाटेवर पडले होते. कान अजून तिखट आहेत. भिंत धरत बाहेर आले, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला म्हणाले, "या, आरशासमोर उभे राहा."

वकीलसाहेब ट्रायलसाठी खोळंबले होते, स्टुलावर बसून माझ्या नावाने बोटं मोडत. "साहेब, हे तुमच्या आधी आलेत," बाबांनी सांगितलं आणि गळ्यात टेप टाकली. छाती, पाठ, बाही. "खिसा आतून हवा की बाहेरून?" तो गोंधळलाच. हे त्याला आजवर कोणी विचारलं नसावं. मग हळूच म्हणाला, "आतून. चष्मा राहील."

लांबी बघायला बाबा खाली बसले. ताई, ते गुडघे आता प्रार्थनेलाही खुर्ची मागतात. त्या गुडघ्यांवर बसले. तो मागे सरकला. "अहो, नका, पाय घाण आहेत माझे."

"लांबी वरून कळत नाही," बाबा म्हणाले.

टेप थरथरायला लागली तेव्हा त्यानेच वाकून तिचं वरचं टोक धरलं. वकीलसाहेब केव्हा उभे राहिले, त्यांनाही कळलं नाही. वीस वर्षं मी तिथे मशीन चालवतोय, आणि आपण कुठे बसतो ते मला त्या दुपारी कळलं.

मग बाबा म्हणाले, "नवं कापड आण." दुकानात न कापलेलं कापड एकच होतं, बाबांच्या कोटासाठी आलेलं. तुझं.

"बाबा, ताईने अकरा वर्षांनी काहीतरी पाठवलंय."

"याहून चांगलं आहे का दुकानात?"

"नाही."

"मग?"

खुणा त्यांनी केल्या, कापलं मी. खाली गेलेल्या खांद्यात मी भर घालायला निघालो, तर म्हणाले, "नको. आरशात सरळ दिसेल, पण पोतं उचलताना उसवेल. खांदा जसा आहे, त्यालाच धरून कापड बेत."

सगळा वेळ मला तुझा न शिवलेला राखाडी कोट दिसत होता. तू बारा वर्षांची असताना तुझ्यासाठी आणलेलं कापड बाबांनी दारात आलेल्या बाईला शिवून दिलं, आणि तू ती थंडी ठिगळाच्या कोटात काढलीस. घर सोडताना म्हणालीस, 'बाबांना सगळ्या जगाची मापं पाठ आहेत, घरातली सोडून.' मी तेव्हा तुझ्या बाजूने होतो. अजूनही आहे. ते मी बाबांना बोलूनही दाखवलं.

त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. तेव्हा मी तिचं दिलं. या वेळी माझं दिलं."

आणि मागच्या खिळ्यावरच्या गठ्ठ्यातून एक पिवळा पडलेला कागद काढून आणला. तुझ्या राखाडी कोटाचं माप. एवढेसे खांदे. "याच्या पुढचं माझ्याकडे काही नाही," म्हणाले. "तिला लिही, माप घ्यायचं राहिलंय."

त्या नऊ जणांना मी मापं घ्यायला परत बोलावलंय. काल नवा तागा आणला. पहिलं कापड कोणाचं, ते तू जाणतेस. दुसरं तुझं, असा बाबांचा निरोप आहे. लवकर ये. टेपचं दुसरं टोक धरायला मी आहे.

तुझा,
चाळिशी उलटली तरी तू म्हणतेस तो 'बटण'